शिळ्या रसाचा हट्ट

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज भर बैठकीत मी बोलून बसले, आणि आता माघार घ्यायची माझी तयारी नाही.

धनश्रीचं लग्न ठरलं. धनश्री म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, रघूची मुलगी. नवरामुलगा अभिजीत, लोधीखेड्याचा, तिथल्याच शाळेत शिक्षक. तारीख ४ डिसेंबर, मुहूर्त सकाळचा, मांडव आमच्याच बगीच्यापाशी. सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मग मुलाचे मामा दत्तात्रयराव म्हणाले, "कोल्ड्रिंकच्या पेट्या आमच्या वळखीनं येऊन जातीन, तुमी टेन्शन घेऊ नका."

काय झालं मला कोण जाणे. मी म्हटलं, "संत्र्याच्या बगीच्यात लगन अन् पाव्हण्याले बाटलीतलं रंगीत पाणी? आमच्या इथं घरचा संत्र्याचा रस राहीन."

रघू पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "ताई, रस ठेवला का कडू होते. हे तं लहान पोट्ट्यालेबी मालूम हाय."

मालूम आहे. आमच्या सौंसरमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाला मालूम आहे. संत्र्याचा रस काढला की उभ्या उभ्या प्यायचा. थोडा वेळ ठेवला की जीभ कडवट, आणि सकाळपर्यंत तर कडूजहर. सातशे माणसांचा रस मांडवात उभ्या उभ्या निघत नाही, तो आदल्या दिवशीच काढून बर्फात ठेवावा लागणार. दत्तात्रयराव हसले. "लग्नात कडू रस म्हंजे असगूनच होय ना बापा."

"कडू होणार नाही," मी म्हटलं.

का म्हटलं? कारण जूनमध्ये पांढुर्ण्याच्या शाळेतून निवृत्त होऊन मी या घरात परत आले तेव्हापासून जो तो मला भजनी मंडळात ढकलतो आहे. बाईंनी आता आराम करावा, बाईंनी आता जप करावा. जन्मभर बारावीला जीवशास्त्र शिकवलं. एन्झाइम काय करतात, पेशी त्यांना ताब्यात कशी ठेवते, हे फळ्यावर काढून काढून खडूची धूळ फुफ्फुसात साठली. आणि माझ्याच घरचं संत्रं रात्रीत कडू का होतं, हे मला सांगता येऊ नये? महिनाभराच्या वर वेळ आहे. बघतेच.

रविवार, २६ ऑक्टोबर

पहिला रस काढला. फळं हेमंतच्या ढिगातली. हेमंत हा व्यापारी. दरवर्षी आमचा अख्खा बगीचा तो फळं हिरवी असतानाच उभ्या झाडावर घेतो आणि त्याची माणसं येऊन तोडून नेतात. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी निघणारा माल लांब जायचा असतो, म्हणून जरा कच्चाच तोडतात. घरच्यांनी खायला त्याच्याच ढिगातून घ्यायचं, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. एकदा बगीचा विकला की झाडाला हात लावायचा नाही.

सगळ्या बिया काढल्या, फोडींची पांढरी शिरं सोलली, रस काचेच्या ग्लासात घालून फ्रीजमध्ये ठेवला.

सोमवार, २७ ऑक्टोबर

कडू.

आणि ग्लास अर्धा! काठोकाठ ठेवला होता. धनश्रीचंच काम. लग्न ठरलं की या पोरींचं चित्त थाऱ्यावर नसतं, दिसेल ते तोंडात घालतात. विचारलं तर म्हणे, "आत्या, मी कायले पिऊ तुमचं ते जहर?" चेहरा अगदी निरागस. मी वर्गात असले चेहरे पुष्कळ पाहिलेत.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

स्टीलच्या भांड्यात ठेवला, कडू. मीठ घातलं, खारट कडू. साखर घातली, तर आधी गोड आणि मग घशात उतरताना कडू, म्हणजे फसवणूक वर. उकळून पाहिला, त्याला काढ्याची चव आली आणि तोही कडवटच निघाला. जयवंता, म्हणजे माझी भावजय, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ताई, एखाद्याचा हातच कडू असते."

मी म्हटलं, "तुझ्या लोणच्याला माझाच हात लागला होता, ते का नाही झालं कडू?" त्यावर तिची पोळी मात्र करपली.

आज ग्लासावर झाकण ठेवलं होतं. तरी सकाळी दोन घोट कमी.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज डोकं चाललं. आंघोळीच्या वेळी चाललं, म्हणून अंगावर भराभर पाणी ओतून बाहेर आले आणि ओल्या केसांनीच हे लिहिते आहे.

जिवंत संत्र्यात कडू काही नसतंच. कडूचा कच्चा माल असतो, आणि त्याला चव नाही. तो फोडीच्या पापुद्र्यातल्या पेशींमध्ये एका जागी असतो, आंबट रस दुसऱ्या जागी. मधे भिंती. त्या कच्च्या मालाचं कडू करणारं एन्झाइमही तिथेच हजर, पण भिंती आहेत तोवर हात बांधून बसलेलं. आपण संत्रं पिळतो म्हणजे त्या भिंती पाडतो. मग आंबट रस आणि ते एन्झाइम मिळून रात्रभर कडू बनवत बसतात. उकळलं की एन्झाइम मरतं, पण आंबटपणा मरत नाही, तो आपलं काम रेटतोच. म्हणजे कडू संत्र्यात नव्हतं. आपण केलं!

पेशीचं मला इतकी वर्षं कौतुक वाटत आलं ते याचंच. तिच्याकडे हजारो एन्झाइम आहेत आणि मोकाट एकही नाही. कुणाला कोंडून ठेवते, कुणाला गरज पडली तरच बनवते, कुणाच्या अंगाला फॉस्फेटचा तुकडा डकवून चालू करते आणि तो काढला की बंद. आणि काही ठिकाणी तर तयार झालेला मालच उलटा येऊन पहिल्या एन्झाइमला बिलगतो आणि त्याला थांबवतो. पुरेसं झालं, आता बास.

हे दुपारी जेवताना जयवंताला सांगितलं. रघू पाटावर बसून जेवत होता.

ती म्हणाली, "म्हंजे पंगतीतून पुरे म्हटलं का मी लाटणं थांबवते, तसं?"

"तस्संच."

"पण ताई, तुमाले कोण म्हणणार पुरे?"

रघूने मान इतकी खाली घातली होती की तो ताटातल्या वरणाला हसतो आहे असं वाटावं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काढल्या काढल्या मलमलच्या फडक्यातून गाळला, दाबून नाही, आपोआप गळेल तेवढाच. पापुद्रे बाजूला, म्हणजे कच्चा मालही थोडा बाजूला. सकाळी चव घेतली. कडू, पण पहिल्यापेक्षा कमी. पहिल्यांदा काहीतरी हललं!

झाकणावर बत्ता ठेवला होता. बत्ता ओट्यावर, झाकण नीट, ग्लास अर्धा. धनश्री दोन दिवस मावशीकडे गेली आहे. मग मांजर? मांजर बत्ता उचलून ओट्यावर ठेवतं का?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पांढुर्ण्याला जाऊन आले. बसमधून उतरले की मला तिथे आपोआप बळ येतं. गोटमारीच्या, म्हणजे जत्रेत एकमेकांवर दगड फेकणाऱ्या गावात नोकरी काढलेली बाई आहे मी, दत्तात्रयरावांच्या एका हसण्याने डोकं फुटणार नाही.

माझ्या जागी आता प्रतिभा शिकवते, माझीच विद्यार्थिनी. तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. एन्झाइमचाच धडा चालू होता. एका मुलीने विचारलं, एन्झाइमला डोळे नाहीत, कान नाहीत, मग त्याला थांबायचं कसं कळतं? प्रतिभाने माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि पोळ्यांची गोष्ट सांगितली. म्हटलं, कळत काही नाही गं. ज्याला थांबवायचं त्याच्या अंगाला येऊन कोणीतरी चिकटतं, त्याचा आकार जरासा बदलतो, आणि मग कामाचा हात बसत नाही. चिकटलेलं सुटलं की पुन्हा सुरू. मुली हसल्या, पण वहीत पोळी काढलेली मी पाहिली.

मग शिक्षकांच्या खोलीत माझी अडचण प्रतिभापुढे ठेवली. ती फोनवर शोधत बसली. माझा चहा गार झाला.

"मॅडम, हे पाहा. फळ पिकता पिकता दुसरं एक एन्झाइम कामाला लागते. ते त्या कच्च्या मालाले साखरेचा एक तुकडा बांधून देते. एकदा बांधला का मग कितीही पिळा, तो कडू होऊच शकत नाही."

"कधी लागते कामाला?"

"उशिरा. फळ पुरं पिकायले आलं का."

मी तिला मिठीच मारली. शिपाई दारात उभा होता, उभा राहू दे. संत्र्याने स्वतःच इलाज करून ठेवला आहे आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याला नावं ठेवतो आहोत. पिकलेलं संत्रं हवं. एवढंच!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हेमंतच्या ढिगातली पिवळीधमक फळं निवडून आणली. पेंढ्यात झाकून ठेवली की तीन-चार दिवसांत हिरवीची पिवळी होतात, अशी ती. सोन्यासारखा रंग. आत्ताच रस काढून ठेवला. जयवंताला म्हटलं, उद्या सकाळी तू आधी चव घे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जयवंताने चव घेतली आणि तुळशीपाशी जाऊन थुंकली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा पिवळी, पुन्हा कडू. प्रतिभाचा फोन खोटा की माझं नशीब खोटं? रघू अंगणात आला, खांद्यावरचा पंचा काढून पुन्हा खांद्यावर टाकला. बोलायचं असलं की तो असंच करतो.

"ताई, पेट्या सांगून टाकू का?"

"नाही."

"लोक हासतीन. धनूच्या सासरी तिले जनमभर ऐकाव लागन."

"मी हसले तुझ्यावर, तू बारावीत दोनदा नापास झाला तेव्हा?"

"तू तं लय मारलं होतं तेव्हा."

"मग? हसले का?"

तो गेला. माझा आवाज चढला होता. पण चिडले ती त्याच्यावर नाही. चिडले ती त्याने धनश्रीचं नाव घेतलं म्हणून. माझ्या हट्टापायी त्या पोरीला तिच्या घरात कडू रसाची पोरगी म्हणतील. हे मला रोज सकाळी ग्लास उचलताना आठवतं. तरीही पेट्या नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला शनिवार, म्हणून सगळे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. आमच्या घरची एक रीत आहे. विहिरीजवळचं एक झाड देवाचं. बगीचा कुणालाही विकला तरी ते झाड सौद्यात नसतं, त्याचं फळ मार्गशीर्षापर्यंत कोणी तोडत नाही, आणि या शनिवारी सगळं उतरवून मारुतीपुढे नेतो. वडिलांनी सुरू केलेलं. ते झाड बगीच्यात असूनही कोणी बगीच्यात मोजत नाही.

देवळात गर्दी फार. मी मारुतीला सांगितलं, तूच लहानपणी सूर्याला फळ समजून झेप घेतली होतीस, तुला फळांतलं कळतं, काहीतरी सुचव. मागे उभ्या बाईंनी ढकललं म्हणून उत्तर ऐकायला थांबता आलं नाही.

टोपलीच्या तळाशी थोडी फळं उरली होती. घरी आल्यावर धनश्री म्हणाली, आत्या रस काढा, तहान लागली. काढला, सगळ्यांनी प्यायला. एक ग्लास सवयीने फ्रीजमध्ये गेला.

रविवार, २३ नोव्हेंबर

गोड!!

मी तीनदा चाखला. मग जयवंताला चाखवला, धनश्रीला, शेजारच्या पूनमला हाक मारून बोलावून चाखवला. गोड. किंचित तुरट म्हणावा तर म्हणा, पण कडू नाही. (ग्लास आजही अर्धाच सापडला. आज मला त्याचं काही वाटलं नाही.)

मी किती मूर्ख. पिवळं म्हणजे पिकलेलं, असं मी धरून चालले होते. पेंढ्यात फक्त साल पिवळी होते. साखरेचा तुकडा बांधणारं ते एन्झाइम उशिराने कामाला लागतं, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ झाडावर मिळाला पाहिजे, आणि आम्ही फळ त्याआधीच खुडतो. घरचा बगीचा असून आमच्या घरात पुरं पिकलेल्या संत्र्याचा रस कधी काढलाच गेला नव्हता. पिकलेलं होतं ते फक्त देवाच्या झाडावर, आणि ते आम्ही प्रसाद म्हणून सोलून खात होतो. एका ग्लासात ओतून रात्रभर ठेवायची बुद्धी कुणालाच झाली नाही, कारण प्रसाद कोण शिळा करतो?

पण त्या झाडाची फळं संपली. आणि बगीचा हेमंतने जवळपास सगळा तोडून नेला आहे. उरल्यात त्या विहिरीकडच्या दोन ओळी.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रघूशी कडाक्याचं भांडण.

मी म्हटलं, त्या दोन ओळी लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत झाडावर राहू दे. तो म्हणाला, "सौदा झाला ताई. फळं हेमंतची. आपल्या बापानं कधी सौदा मोडला का?"

"मोडू नको. हेमंतशी बोल."

"काय बोलू? का आमच्या ताईले हट्ट हाय?"

"हो, हेच बोल!"

"त्याचा ट्रक लागून राहिला, मजूर बसून राहिले, त्यायले ठेवाले जागा नाही, अन् मी जाऊन त्याले म्हणू का थांब, आमच्या घरी शिळा रस करणं हाय?"

मी म्हटलं, तू नेहमीच असा. मला गावाबाहेर नोकरी लागली तेव्हाही दारात आडवा उभा राहिला होतास. तुझं काम एकच, मी काही करायला निघाले की येऊन बिलगायचं आणि थांबवायचं. एवढं बोलून मी आत आले. जेवायला बसले नाही. तोही बसला नाही, असं जयवंता म्हणाली. दोघांची पोळी तिने गाईला घातली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

रघूशी बोलणं बंद. आज दुपारी तो बाजारात गेल्याचं पाहून मी विहिरीकडच्या ओळीतून पदरात मावतील तेवढी फळं तोडली. या घरात सौद्याच्या झाडाला हात लावणारी मीच पहिली असेन. बाबा, माफ करा किंवा करू नका.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

गोड! म्हणजे झाड देवाचं असो की हेमंतचं, पेशीला फरक पडत नाही. आता मी थांबणार नाही.

पण दुसरंच एक डोक्यात गेलं. लग्नासाठी नवी पडवी शेणाने सारवून, चुना देऊन तयार केली होती, मुलाकडच्या बायका तिथे उतरणार होत्या. रघूने ती हेमंतच्या मजुरांना राहायला दिली! चुली मांडल्या त्यांनी. जयवंता गप्प, धनश्री गप्प. लग्नघरात असा कारभार? मी बोलत नाही म्हणून बोलले नाही, नाहीतर चांगलं सुनावलं असतं. आता पाहुण्या बायका माझ्याच खोलीत झोपतील, आणखी कुठे.

रविवार, ३० नोव्हेंबर

हेमंत हा माणूस आळशी. आठवडा झाला, त्या दोन ओळींना त्याच्या माणसांनी हात लावलेला नाही. मजूर खुशाल पडवीत बसून भाकरी थापतात आणि पलीकडच्या शेतावर जातात. अशाने व्यापार होतो का? माझ्या पथ्यावर पडतं आहे म्हणून गप्प आहे. पण रोज सकाळी वाटतं, आज तोडतील, आज तोडतील.

रघू हल्ली मळ्यात विहिरीपाशी झोपायला जातो. म्हणतो, रानडुकरं येऊन राहिली. कामं टाळायला बरं निमित्त सापडलं आहे. इथे मांडवाचे बांबू यायचे, वाजंत्रीवाले ठरवायचे, आणि हा डुकरं राखतो.

सोमवार, १ डिसेंबर

रघूने पेट्या मागवल्याच. टेम्पो येऊन मांडवापाशी उतरवून गेला. मी बाहेर गेले आणि बोलणं बंद आहे हे विसरून ओरडले.

"आणल्यासच शेवटी! माझं नाक कापायची एवढी घाई होती!"

"खोलू नाही ताई. फक्त ठेवू. धनूसाठी."

"मग माझ्यासाठी काय ठेवलं?"

त्याने पंचा काढून पुन्हा खांद्यावर टाकला आणि तो मळ्याकडे चालू लागला. धनश्री माझ्याजवळ आली. म्हणाली, "आत्या, कडू झाला तरी मी तोच पिईन." मी तिला म्हटलं, कडू होणारच नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

लिहायला वेळ नाही. सकाळी उठते तर ओसरीत क्रेटच्या उतरंडी, पानासकट फळं, दव पडलेली. विहिरीकडच्या ओळीतली! रघू म्हणाला, "हेमंतचा ट्रक भरला. हा माल उरला. फेकून देण्यापरीस तू घे." एवढंच बोलला, तेही गाईकडे बघत. शेवटी नशीब माझ्या बाजूने आलं!

बाजारातल्या रसवाल्यांकडून हाताने फिरवायची यंत्रं आणली. गल्लीतल्या बाया आल्या. मी दारात उभी राहून एकेकीला सांगितलं, साल पिळायची नाही, बी फुटू द्यायची नाही, शेवटचा थेंब काढायचा लोभ नाही, रस पडला की लगेच मलमल. पूनम म्हणाली, बाई, आमचा पेपर घेता का? मी म्हटलं, हो, आणि यात कॉपी चालेल. हात सालीच्या तेलाने पिवळे झालेत, नखं झोंबतात. रस बर्फात आहे. पिंपाच्या झाकणावर मी बत्ता ठेवला आहे, हसायचं त्याने हसावं.

गुरुवार, ४ डिसेंबर

लग्न लागलं. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

उजाडायच्या आत उठून मांडवात गेले. हातात ग्लास. आधी मी चाखणार, कडू निघाला तर पेट्या उघडायच्या आणि कुणाला काही कळायच्या आत पिंपं विहिरीमागे ओतायची, हे मनाशी ठरवलं होतं. हो, ठरवलं होतं. वहीत खोटं कशाला लिहू.

पेट्या नव्हत्या.

जिथे उतरवल्या होत्या तिथे नुसते मातीत चौकोन उमटलेले. पिंपापाशी रघू उभा. बत्ता जमिनीवर, झाकण नीट बसवलेलं. त्याच्या हातात रिकामा ग्लास, आणि तो पंच्याने पुसत होता.

"पेट्या कुठं हाय?"

"परत धाडल्या. टेम्पो आत्ताच गेला."

मी ओरडलेच. "अरे, मी अजून चाखलाबी नाही! कडू निघाला तं?"

"गोड हाय."

"तुले कसं माहीत?"

"म्या चाखला."

"एका घोटात तुले काय समजते?"

तो ग्लास पुसतच राहिला. मग म्हणाला, "एका घोटात नाही समजत. पहिल्या दिवसापासून रोज सकाळी चाखून राहिलो नं. लय कडू प्याला ताई तुह्यापायी. आता गोड समजते."

मी माझ्या हातातला ग्लास त्याच्यापुढे धरला. त्याने भरून दिला. गोड होता. नाक वाहायला लागलं, ते थंडीमुळे म्हणते मी.

नऊला पंगती, त्याआधी रस. दत्तात्रयरावांनी ग्लास वास घेऊन उचलला, जसं काही आत औषध आहे. एक घोट घेतला, थांबले, जीभ टाळूला लावून वाट पाहिली. कडूची वाट! ती आलीच नाही. दुसरा ग्लास मागताना ते म्हणाले, "आज सकाळी काढला असन." रघू मधेच म्हणाला, एवढ्या मोठ्याने की वाजंत्रीवाल्यांनी मान वळवली, "कालचा हाय. शिळा हाय. आमच्या ताईचा हाय."

हेमंतही आला होता. तिसरा ग्लास भरून घेत मला म्हणाला, "ताई, तुमच्या हट्टापायी माही माणसं पहिल्यांदा पक्क्या छपराखाली झोपली." काय बोलून राहिला, मला कळलं नाही. रस त्याच्या डोक्यात गेला असावा.

धनश्री सासरी गेली. जाताना मला बिलगून रडली आणि कानात म्हणाली, "आत्या, ग्लास मी नव्हता पिला." मी म्हटलं, माहीत आहे, आज कळलं.

शनिवार, ६ डिसेंबर

घर रिकामं वाटतं. जयवंता दिवसभर झोपली. मजूर गेले, पडवी काळी करून ठेवली आहे, पुन्हा चुना द्यावा लागेल.

सकाळी भजनी मंडळाच्या बायका आल्या होत्या. म्हटलं, मी येणार नाही. मी एक ठरवलं आहे. पुढच्या वर्षी विहिरीकडच्या दोनच नाही, बगीच्यातल्या अर्ध्या ओळी सौद्यातून बाहेर ठेवायच्या आणि पुऱ्या पिकू द्यायच्या. पांढुर्ण्याच्या मुलींना इथे आणून प्रतिभाने हा धडा झाडाखाली शिकवायचा. हेमंत काय म्हणायचं ते म्हणू दे, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. रघूला हे सांगितलं तेव्हा त्याने पंचा काढला, खांद्यावर टाकला, आणि म्हणाला, "सगळ्याच ठेवू नको म्हंजे झालं." हा काही नकार नव्हे. मी त्याला चांगली ओळखते.

तो आज घरी झोपणार आहे. विचारलं, रानडुकरं? म्हणाला, गेली. ओळीतली फळं संपताच डुकरं कशी गेली, आणि डुकरं संत्री खातात हे कुठे लिहिलं आहे, हे मला प्रतिभाला विचारलं पाहिजे.

क्रेटच्या तळाशी शेवटची फळं होती, त्यांचा रस काढला. ग्लास काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवला. झाकण ठेवलं नाही.